फरशीवाल्याचा गुडघा: ३२ टक्के अपंगत्वाची भरपाई कशी ठरते

अर्जदार फरशी बसवणारा कारीगर, राहणार सातारा जिल्ह्यातल्या खंडाळा तालुक्यात. १२ जून २०२३ रोजी संध्याकाळी काम आटोपून तो दुचाकीवरून घरी निघाला होता. शिरवळजवळ सेवारस्त्यावर उलट दिशेने आलेल्या मालवाहू टेम्पोने त्याला समोरून धडक दिली. डाव्या नडगीच्या हाडाचं वरचं टोक फुटलं आणि तडा थेट गुडघ्याच्या सांध्यात गेला. प्लेट आणि स्क्रू घालून शस्त्रक्रिया झाली, सात महिने काम बंद राहिलं. हाड जुळलं, पण गुडघा ९० अंशांपुढे वाकेना. शासकीय रुग्णालयाच्या मंडळाने डाव्या पायाचं ३२ टक्के कायमचं अपंगत्व लिहून दिलं.

हे प्रकरण हिशोब उलगडून दाखवण्यासाठी रचलेलं आहे. माणूस, तारखा आणि रकमा नमुन्याच्या आहेत. कायदा आणि निवाडे खरे आहेत. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर अशी प्रकरणं रोज चालतात आणि बहुतेकांत भांडण याच एका आकड्यावर येऊन थांबतं. भविष्यातल्या कमाईच्या नुकसानीपोटी अर्जदाराने ८०,६४,००० रुपये मागितले. विमा कंपनीचं म्हणणं ३,५६,४०० रुपयांचं होतं. न्यायाधिकरणाने १६,९३,४४० रुपये धरले. गुडघा एकच, प्रमाणपत्र एकच. मग एवढी तफावत कुठून आली?

सहा महिन्यांची मुदत

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीतली ही अट १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली. तिच्या वैधतेला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर कुणी थांबू नये. या प्रकरणात मुदत १२ डिसेंबर २०२३ ला संपत होती. अर्ज ६ नोव्हेंबरला दाखल झाला.

त्या दिवशी अर्जदाराकडे अपंगत्वाचं प्रमाणपत्र नव्हतं आणि असायलाही नको होतं. सांध्यातलं फ्रॅक्चर पुरतं जुळून, व्यायाम-फिजिओथेरपी होऊन, आता यापुढे सुधारणा नाही असं डॉक्टर म्हणू शकतात तेव्हाच टक्केवारीला अर्थ येतो. इथे ते प्रमाणपत्र अपघातानंतर चौदा महिन्यांनी मिळालं. अर्ज आधी करायचा, प्रमाणपत्र नंतर जोडायचं, गरज पडली तर अर्जात दुरुस्ती मागायची. प्रमाणपत्राची वाट पाहत मुदत घालवणारे लोक आजही भेटतात, आणि ते नुकसान टाळता येण्यासारखं असतं. मागितलेली रक्कम कमी पडली म्हणूनही घाबरायचं कारण नाही. पुराव्यातून निघणारी न्याय्य भरपाई मागणीपेक्षा जास्त असली तरी न्यायाधिकरण ती देऊ शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००२ मध्ये नागप्पा विरुद्ध गुरुदयाल सिंग प्रकरणात सांगितलं आहे. फरकाचं न्यायालय शुल्क तेवढं भरावं लागतं.

अर्ज कुठे करायचा हे अर्जदाराच्या सोयीवर आहे: अपघात झाला तिथे, अर्जदार राहतो किंवा व्यवसाय करतो तिथे, किंवा सामनेवाला, म्हणजे ज्याच्याविरुद्ध दावा आहे तो, राहतो तिथे. पोलिसांवरही जबाबदारी आहे. २०२२ पासूनच्या केंद्रीय नियमांनुसार अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. प्रत्यक्षात हे वेळापत्रक सगळीकडे पाळलं जात नाही. म्हणून फिर्याद, घटनास्थळ पंचनामा, दोषारोपपत्र, जखम प्रमाणपत्र, टेम्पोची विमा पॉलिसी, नोंदणी पुस्तक आणि चालकाचा परवाना यांच्या प्रती स्वतः पाठपुरावा करून मिळवाव्यात.

केसपेपरवरची एक ओळ

विमा कंपनीने पहिला हल्ला रुग्णालयाच्या केसपेपरवर चढवला. अपघात विभागात दाखल करताना सोबतच्या माणसाने "गाडीवरून पडला" एवढंच सांगितलं आणि तेच लिहिलं गेलं. टेम्पोचा उल्लेख नाही. फिर्याद तीन दिवसांनी दाखल झालेली. या दोन गोष्टी जोडून कंपनी म्हणाली, हा माणूस स्वतःच घसरून पडला आणि टेम्पो नंतर घुसडला.

हा बचाव सर्रास घेतला जातो आणि कधीकधी चालतोही. इथे चालला नाही, कारण पंचनामा अपघाताच्या रात्रीच झालेला होता. रुग्णालयाने पोलिसांना कळवलेलं होतं, आणि पंचनाम्यात टेम्पोचं फुटलेलं हेडलाइट, ब्रेकच्या खुणा आणि दोन्ही वाहनं रस्त्याच्या डाव्या, म्हणजे अर्जदाराच्या बाजूला असल्याची नोंद होती. जखमी माणूस रुग्णालयात असताना फिर्यादीला झालेला उशीर दाव्याला मारक नाही, हे २०११ च्या रवी विरुद्ध बद्रीनारायण निवाड्यात स्पष्ट आहे. टेम्पोचालकाला कंपनीने साक्षीला आणलंच नाही, त्याचाही अर्थ कंपनीच्या विरुद्ध निघाला. जखमी माणसासोबत कुणी असेल तर त्याने दाखल करताना वाहनाचा प्रकार आणि जमल्यास क्रमांक केसपेपरवर लिहून घ्यावा. पुढे दोन वर्षं चालणारा वाद तिथेच मिटतो.

दुसरा मुद्दा हेल्मेटचा. अर्जदाराने ते घातलं नव्हतं. तो कायद्याचा भंग आहे, पण जखम गुडघ्याची. हेल्मेट नसल्यामुळे अपघात घडला नाही आणि दुखापतही वाढली नाही. नियमभंग आणि नुकसान यांचा कार्यकारण संबंध दाखवता आला नाही, तर भरपाईत कपात होत नाही. दुचाकीवर तिघं बसले होते एवढ्यावरूनही निष्काळजीपणा ठरत नाही, असं २०२० मध्ये मोहम्मद सिद्दीक प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं आहे. डोक्याला मार लागला असता तर हेल्मेटचा वाद वेगळ्या वळणाने गेला असता.

तिसरा मुद्दा परवान्याचा. टेम्पोचालकाकडे हलक्या मोटार वाहनाचा परवाना होता, मालवाहतुकीची वेगळी नोंद नव्हती. टेम्पोचं एकूण वजन ७,५०० किलोच्या आत. अशा वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, हे पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४ रोजी बजाज अलियान्झ विरुद्ध रंभा देवी प्रकरणात कायम केलं. त्यामुळे कंपनीची जबाबदारी पूर्ण राहिली.

कमाई किती?

अर्जात महिन्याला ३०,००० रुपये लिहिले होते. आयकर विवरणपत्र नाही, पगारपत्रक असण्याचा प्रश्नच नाही. बँक खात्याच्या बारा महिन्यांच्या उताऱ्यात यूपीआय आणि चेकने आलेली रक्कम ३,३६,००० रुपये, म्हणजे सरासरी २८,०००. इथपर्यंत ठीक होतं. उलटतपासणीत कंपनीच्या वकिलाने विचारलं, हाताखाली बिगारी असतो का? असतो. त्याला किती देता? दिवसाला ५००, महिन्यात साधारण वीस दिवस. झाले १०,००० वजा. न्यायाधिकरणाने १८,००० रुपये धरले.

हा आकडा अन्यायाचा नाही. खात्यात आलेले पैसे म्हणजे कमाई नव्हे, आणि वजावट स्वतःहून दाखवणाऱ्या साक्षीदारावर न्यायाधीशांचा विश्वास जास्त बसतो. पुरावाच नसता तर न्यायाधिकरणाने किमान वेतनाचा आधार घेतला असता. कागद नाहीत म्हणून कमाई शून्य धरता येत नाही. पाय गमावलेल्या भाजी विक्रेत्याच्या सय्यद सादिक प्रकरणात (२०१४) सर्वोच्च न्यायालयाने लेखी पुराव्याशिवाय महिना ६,५०० रुपये मान्य केले होते. तरीही बँकेचा उतारा आणि ठेकेदाराची साक्ष या दोन गोष्टी हातावर पोट असलेल्या कारागिराला उभ्या करता येतात, आणि त्या कराव्याच.

या १८,००० वर ४० टक्के भविष्यातली वाढ मिळाली. चाळिशीच्या आतला स्वयंरोजगारी माणूस असेल तर ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५, ५० ते ६० मध्ये १० हे प्रमाण ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निवाड्यात ठरलं. तो निवाडा मृत्यूच्या दाव्यातला, म्हणून जखमीला ही वाढ देय नाही असं कंपन्या आजही लिहून देतात. कायमचं अपंगत्व असेल तर जखमीलाही ती मिळते, हे जगदीश विरुद्ध मोहन (२०१८) आणि पप्पू देव यादव (२०२०) या प्रकरणांनंतर वादाचं राहिलेलं नाही. महिना २५,२००, वर्षाला ३,०२,४०० रुपये.

आधार कार्डावरची १ जानेवारी

आधार कार्डावर जन्मतारीख होती १ जानेवारी १९८७, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर २० ऑगस्ट १९८७. गावाकडच्या असंख्य आधार कार्डांवर ही १ जानेवारी दिसते. पहिली तारीख धरली तर अपघाताच्या दिवशी वय ३६ आणि सरला वर्मा निवाड्याच्या (२००९) तक्त्याप्रमाणे गुणक, म्हणजे वर्षाच्या नुकसानीला ज्याने गुणायचं तो वयावरून ठरणारा आकडा, १५. दुसरी धरली तर वय ३५ पूर्ण, गुणक १६. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑक्टोबर २०२४ रोजी सरोज विरुद्ध इफ्को टोकियो प्रकरणात आधारपेक्षा शाळेचा दाखला ग्राह्य धरला. या अर्जदारासाठी त्या एका दाखल्याची किंमत १,०५,८४० रुपये झाली.

३२ चे ३५ कसे झाले

आता मूळ प्रश्न. राजकुमार विरुद्ध अजयकुमार हा १८ ऑक्टोबर २०१० चा निवाडा या विषयाचा पाया आहे. एखाद्या अवयवाचं अपंगत्व, संपूर्ण शरीराचं अपंगत्व आणि कमावण्याच्या क्षमतेतली घट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यात बजावून सांगितलं आहे. डावा हात गमावलेला सुतार किंवा चालक जवळजवळ शंभर टक्के कमाई गमावू शकतो. त्याच दुखापतीचा सरकारी कारकून नोकरीवर टिकून राहू शकतो. डॉक्टर टक्केवारी सांगतात ती शरीराची. कमाईची टक्केवारी ठरवणं हे न्यायाधिकरणाचं काम. इथे त्याने ३५ टक्के धरले.

कंपनीने एका पायाचे ३२ टक्के म्हणजे शरीराचे सुमारे एक तृतीयांश, अर्थात ११ टक्के, असं धरलं. वाढ धरली नाही, गुणक १५ लावला: महिना १८,००० प्रमाणे वर्षाच्या २,१६,००० च्या ११ टक्के २३,७६०, गुणिले १५, बरोबर ३,५६,४००. अर्जदाराच्या वकिलांनी ३०,००० रुपयांची पूर्ण कमाई वाढीसह गेली असं धरून ८०,६४,००० काढले. दोघांच्याही मांडणीत एक प्रश्न विचारलेलाच नाही: फरशी बसवायला गुडघा किती वाकावा लागतो?

फरशीचं काम उकिडवं बसून किंवा गुडघे टेकून होतं. मसाला पसरणं, दोरी लावून फरशी ठेवणं, रबरी हातोडीने ठोकून लेव्हल काढणं, सांधे भरणं, सगळं जमिनीलगत. उकिडवं बसायला गुडघा १२० अंशांच्या पुढे वाकावा लागतो. निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. याचा ९० ला अडतो. गुडघा टेकला तर प्लेटच्या जागी कळ येते. शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष झाली तेव्हा ही मापं त्यांनी सांगितली, आणि या माणसाला जमिनीवर बसून सलग काम करता येणार नाही असं स्पष्ट म्हटलं. प्रमाणपत्रातल्या ३२ पेक्षा जास्त टक्के मिळाले ते या एका वाक्यामुळे.

मग ३५ वरच का थांबलं? उलटतपासणीत डॉक्टरांनी मान्य केलं की तो तीन-चार तास उभा राहू शकतो. ठेकेदार साक्षीदाराने मान्य केलं की स्वयंपाकघर-बाथरूमच्या भिंतीच्या फरश्या, ज्याला कारागीर डॅडो म्हणतात, बऱ्याचशा उभ्याने बसवता येतात. न्यायाधिकरणाने यावरून काही कमाई शिल्लक आहे असं धरलं, आणि पुराव्यावर तो निष्कर्ष योग्यच होता. उणीव पुरावा देण्यात राहिली. ठेकेदाराला चौरस फुटाचा दर विचारला, पण एका फ्लॅटमध्ये जमिनीचं काम किती आणि भिंतीचं किती, हे विचारलंच नाही. जमिनीचं काम न घेणाऱ्या कारागिराला भिंतीचं काम वेगळं काढून कुणी देतं का, हेही नाही. दोन-तीन फ्लॅटच्या मोजमाप-बिलांवरून ते प्रमाण कागदावर आलं असतं. इथे प्रत्येक ५ टक्क्यांचा अर्थ २,४१,९२० रुपये होता. ५० टक्के सिद्ध झाले असते तर हीच रक्कम २४,१९,२०० झाली असती.

डॉक्टरांना साक्षीला बोलावणं टाळून नुसतं प्रमाणपत्र दाखल करणं ही या दाव्यांतली सगळ्यात महागात पडणारी काटकसर. ज्यांनी कधी उपचार केले नाहीत अशांकडून आणलेल्या तयार प्रमाणपत्रांकडे न्यायाधिकरणाने सावधपणे पाहावं, असं राजकुमार निवाड्यातच म्हटलं आहे. डॉक्टर न्यायालयात येऊ शकत नसतील तर न्यायालयीन आयुक्त (कोर्ट कमिशनर) नेमून दवाखान्यात साक्ष नोंदवता येते. त्यांना टक्के विचारून थांबू नये. सांधा किती अंश वाकतो, वजन किती उचलता येईल, सलग किती वेळ उभं राहता किंवा बसता येईल, सुधारणेची आशा आहे का, आणि याच व्यवसायातलं नेमकं कोणतं काम जमणार नाही, हे विचारावं. अपंगत्व निदान ४० टक्के असावं हा उंबरठा सरकारी सवलतींसाठी आहे. अपघाताच्या भरपाईशी त्याचा संबंध नाही.

बाकीच्या रकमा

औषधोपचाराची बिलं ३,१२,६४० रुपयांची दाखल झाली, २,८४,३०० मंजूर झाली. उरलेले २८,३४० गेले ते शस्त्रक्रियेच्या अंदाजपत्रकाचा कागद बिल म्हणून जोडल्यामुळे आणि तारीख-नाव नसलेल्या पावत्यांमुळे. यातले १,५०,००० रुपये अर्जदाराच्या स्वतःच्या मेडिक्लेम पॉलिसीने आधीच भरले होते. ते वजा करा असं कंपनी म्हणाली. माणसाने स्वतः हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा अपघात करणाऱ्याच्या पदरात टाकायचा नाही, असा निर्णय मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २८ मार्च २०२५ रोजी दिला आहे. वजावट झाली नाही.

भविष्यातल्या उपचारांपैकी प्लेट काढण्याचे ६०,००० मिळाले, कारण डॉक्टरांनी ती शस्त्रक्रिया लागेल असं सांगून खर्चाचा अंदाज सिद्ध केला. गुडघा बदलण्याचे ३ लाख नाकारले गेले. त्याबद्दल डॉक्टर "पुढे लागण्याची शक्यता आहे" इतकंच म्हणाले होते. सांध्यात गेलेल्या फ्रॅक्चरनंतर झीज लवकर होते, हे वैद्यकीय वास्तव आहे. किती वर्षांत आणि का, हे त्यांच्याकडून काढून घ्यायला हवं होतं.

निवाड्यातला हिशोब असा:

भविष्यातली कमाई (३,०२,४०० × ३५% × १६): १६,९३,४४०
उपचारकाळातली बुडालेली कमाई (७ महिने × १८,०००): १,२६,०००
औषधोपचार: २,८४,३००
प्रवास, आहार, शुश्रूषा: ५७,०००
भविष्यातली शस्त्रक्रिया: ६०,०००
वेदना आणि मनस्ताप: ७५,०००
जीवनातल्या सुखसोयींची हानी: ५०,०००
एकूण: २३,४५,७४० रुपये

शुश्रूषेपोटी अर्जदाराच्या पत्नीने तीन महिने केलेली सेवा महिना ८,००० प्रमाणे धरली गेली. घरच्या माणसाने केलं म्हणून ते फुकट ठरत नाही. अर्जात मात्र ते लिहावं लागतं, आणि बरेच जण लिहीतच नाहीत. मांडी घालून जेवायला न बसता येणं, मुलाला खांद्यावर घेऊन जिना न चढता येणं, हे शेवटच्या रकमेत येतं. ५०,००० रुपये त्यासाठी अपुरेच आहेत असं आम्हाला वाटतं, पण शपथपत्रात यातलं एकच वाक्य होतं.

अर्जाच्या तारखेपासून ७.५ टक्के सरळ व्याज मिळालं, भविष्यातल्या शस्त्रक्रियेचे ६०,००० वगळून. २२,८५,७४० वर दोन वर्षांचं व्याज ३,४२,८६१. निवाड्याच्या दिवशी हातात येण्याजोगी रक्कम २६,८८,६०१ रुपये.

लोकअदालतीतला देकार

पुरावा सुरू होण्याआधी लोकअदालतीत कंपनीने सर्व मिळून ८ लाख देऊ केले होते. घरात कर्ज असताना तो आकडा मोठा वाटतो, आणि स्वीकारणाऱ्याला दोष देता येणार नाही. पण लोकअदालतीतला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. तडजोड करायचीच असेल तर डॉक्टरांची साक्ष नोंदवून झाल्यावर बसावं. तोवर कंपनीच्या कागदावर गुडघा ११ टक्क्यांचाच असतो आणि देकारही त्याच हिशोबाने येतो. शक्य तर देकाराच्या दिवशी आपला हिशोब लेखी सोबत न्यावा: उत्पन्न, वाढ, गुणक, कमाईतल्या घटीचे टक्के. कुठल्या घटकावर मतभेद आहे ते दिसलं की बोलणी पुढे सरकतात.

निवाड्यानंतर

निवाडा झाल्यापासून ३० दिवसांत रक्कम जमा करायची असते. अपिलाची मुदत ९० दिवसांची, आणि वादातली रक्कम एक लाखाहून कमी असेल तर अपील नाही. कंपनी उच्च न्यायालयात गेली तर स्थगिती मागताना सहसा रक्कम जमा करावी लागते. त्यातला काही भाग काढून घेण्यासाठी अर्जदार अर्ज करू शकतो. त्याच अपिलात त्याला आपलाही आक्षेप घालून वाढ मागता येते. या प्रकरणात ३५ टक्क्यांवर तसा आक्षेप घेण्याजोगी जागा आहे, कारण डॉक्टरांचं "जमिनीवर बसून काम नाही" हे उत्तर उलटतपासणीतही टिकून राहिलं होतं.

रकमेचा काही भाग न्यायाधिकरण मुदत ठेवीत ठेवायला सांगू शकतं. व्यवसायासाठी, जसं फरशीचं छोटं दुकान किंवा देखरेखीच्या कामासाठी भांडवल, पैसे लवकर हवे असतील तर कारण आणि कागद जोडून ठेव मोडण्याची परवानगी मागता येते. बँक खात्याचा तपशील आणि पॅन सुरुवातीच्या अर्जातच द्यावेत. भरपाई मंजूर होऊनही वर्षानुवर्षं न्यायाधिकरणांकडे पडून राहिलेल्या रकमांची दखल सर्वोच्च न्यायालयाला २०२४ मध्ये घ्यावी लागली होती. पत्ता किंवा फोन बदलला तर तो वकिलांना आणि न्यायाधिकरणाच्या कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्यावी.